चौथ्या गाण्याचा शेवट

“गेमच्या कॅसेटमधला सेल संपत आलाय. कधी दगा देईल सांगता येत नाही,” असं जावईबापू जेवताना बायकोला म्हणाले. वाक्य बायकोसाठी होतं, पण समोर सासरे बसले होते, आणि सासऱ्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. सेल म्हटलं की त्यांचे हात शिवशिवायला लागत.

जावईबापू सकाळच्या शाळेत गणित शिकवायचे आणि दुपारी घरी येऊन चिपट्यून करायचे. म्हणजे लहानपणीचा, हातात धरायचा व्हिडिओ गेम घ्यायचा, त्यात गाणी रचायची खास कॅसेट घालायची आणि त्यातल्या बिचाऱ्या चिपकडून टिंगटिंग, पिंगपिंग असं संगीत वाजवून घ्यायचं. या नादाची माणसं जगभर पसरलेली आहेत. इंटरनेटवर त्यांचं एक साप्ताहिक बातमीपत्रही निघतं. कोणाचा नवा अल्बम आला, कोणी कुठला जुना खेळ उघडून त्यातून नवा आवाज काढला, असल्या बातम्या. ताज्या अंकात जावईबापूंवरही तीन ओळी होत्या. पहिलाच अल्बम, सात गाणी, महिनाअखेरीस येतोय. त्या ओळी त्यांनी इतक्या वेळा वाचल्या की बायको म्हणाली, “पाठ झाल्या असतील तर आता भांडी लावायला ये.”

सासूबाई गेल्यावर सासऱ्यांना एकटं वाटू नये म्हणून हे जोडपं त्यांच्याकडे राहायला आलं होतं. सासरे-जावई एकमेकांशी इतक्या अदबीनं वागायचे की घरात पाहुणा कोण हेच कळायचं नाही. जावयासाठी आपण काहीतरी करावं असं सासऱ्यांच्या फार मनात होतं. आता आयती संधी चालून आली.

दुसऱ्या दिवशी जावईबापू शाळेतून आले तर सासरे दारातच उभे. “काम फत्ते! जुना काढला, नवा टाकला. एक नंबर सेल आहे. आता वर्षानुवर्षं बघायला नको.”

जावईबापूंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या कॅसेटची सगळी स्मरणशक्ती त्या इवल्याशा सेलवर चालते. सेल निघाला की आतलं सगळं पुसलं जातं. रेकॉर्डिंग रविवारी एकदमच करायचं ठरलं होतं. आता सातांपैकी एकही गाणं शिल्लक नव्हतं.

“छान केलंत, बाबा,” ते म्हणाले.

खोलीचं दार लोटून बायको कुजबुजली, “अरे, सांग ना त्यांना!”

“काय सांगू? किती खूश आहेत बघ. कळलं तर परत कशाला हात लावायचे नाहीत.”

“आणि अल्बम?”

“बघू,” म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. ते रडत होते, हे बायकोला पाठीवरूनही कळलं.

इकडे सासऱ्यांचा आनंद पोटात मावेना. सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून झालं. मग त्यांनी ते बातमीपत्र शोधलं आणि फोनकडून भाषांतर करून घेऊन संपादकांना चार ओळी धाडल्या. ‘मी यांचा सासरा. अल्बम वेळेवर येईल. काळजी नसावी. सेल मी स्वतः बदलला आहे.’

संपादकांनी त्या ओळी नव्या अंकात सगळ्यात वर छापल्या. सेल बदलला म्हणजे काय झालं, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अर्ध्या तासात खाली संदेशांची रीघ लागली.

“जावईबापू,” सासरे चष्मा सावरत आत आले, “हे लोक फार रडतायत हो. कोण गेलं?”

“कोणी नाही, बाबा. द्या इकडे तो फोन.”

पण सासऱ्यांनी तोवर पुढचा संदेश वाचला होता. ‘तुमच्या दुःखात सहभागी आहोत. माझीही गाणी माझ्या काकांनी असाच सेल बदलून घालवली होती.’ त्यांनी तो दोनदा वाचला आणि हळूच खुर्चीत बसले.

“मला वाटलं घड्याळासारखंच असेल,” ते म्हणाले. “सेल बदलला की काटे परत लावायचे, झालं.”

त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले ते शटर अर्ध्यावर ठेवून आत नुसतेच बसून राहिले. दुपारी मात्र घरी आले आणि खुर्ची ओढून जावयाच्या शेजारी बसले. “चला. काटे लावू.”

“म्हणजे?”

“तुम्हाला आठवेल ते वाजवा. अडलं तर मी आहे.” आणि त्यांनी पहिलं गाणं सुरुवातीपासून गुणगुणायला घेतलं. जावईबापू बघतच राहिले. या माणसानं त्यांच्या गाण्याबद्दल आजवर बरा-वाईट एक शब्द काढला नव्हता.

दोघं रोज दुपारी बसू लागले. गाडी अडली ती चौथ्या गाण्यावर.

“इथे शेवटी वर जायचं,” सासरे म्हणाले.

“नाही बाबा, खाली उतरायचं. मी केलंय ना ते!”

“केलं तुम्ही, पण पुसलं मी. मला पक्कं आठवतंय. वर!”

सासऱ्यांपुढे कोण बोलणार? जावईबापूंनी गाणं वर नेलं.

अल्बम थोडा उशिरा का होईना, आला. बातमीपत्रात या वेळी चांगला मोठा मजकूर होता. ‘चौथं गाणं उतरत उतरत जातं आणि शेवटी अचानक वर झेप घेतं. असा शेवट बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.’

“बाबा, तुमचंच बरोबर निघालं की!” जावईबापूंनी फोन पुढे केला.

सासऱ्यांनी तो घेतला नाही. “कसलं बरोबर? ते खालीच जायचं. मी खोटं बोललो.”

“का?”

“पलीकडच्या खोलीत ऐकताना जीव कासावीस व्हायचा. वाटायचं, हा पोरगा आपल्या घरात सुखी नाही. संधी मिळाली, म्हटलं, निदान गाणं तरी वर नेऊ.”

जावईबापूंना हसू आलं आणि डोळेही भरून आले. “अहो बाबा, या खेळाचे वरचे सूर फार कर्कश वाजतात. भिंत ही एवढीशी. दुपारची तुमची झोप मोडायला नको, म्हणून मी खाली उतरायचो.”



“झोपतंय कोण?” सासरे म्हणाले. “दुकान बंद करून रोज दुपारी घरी येतो, ते तुमचं वाजवणं ऐकायला.”