एका फटक्यात

चिंतामण वकिलांच्या नावाची पितळी पाटी अमरावती कॅम्पातल्या गोल्फ मैदानावर लागली, त्या दिवसापासून कमलाकांत वकिलांना अन्न गोड लागेना. चेंडू एका फटक्यात थेट खळग्यात गेला, एवढंच काय ते चिंतामणचं कर्तृत्व! पण गोऱ्या साहेबानं जातीनं पाटी ठोकवली आणि कोर्टात जाणारा येणारा वाट वाकडी करून ती वाचू लागला.

"माझाही गेला होता की एका फटक्यात!" कमलाकांत घरात गरजले.

"तो म्हशीच्या शिंगावर आपटून गेला होता," अनसूयाबाई म्हणाल्या.

"मग? शिंगावरून घालणं जास्त अवघड असतं!"

साहेबानं हसत हसत त्यांनाही मैदानावर आपल्या नावाचा दगड बसवायची परवानगी दिली. कमलाकांतांनी बाळापूरच्या नत्थुजी पाथरवटाला मजकूर लिहून दिला आणि बजावलं, "चिंतामणच्या पाटीपेक्षा हातभर उंच पाहिजे." मग घराला कुलूप लावून ते अनसूयाबाईंसह मेहुणीकडे बारशासाठी अकोल्याला गेले.

तीन दिवसांनी स्टेशनवरून त्यांनी अनसूयाबाईंना घरी धाडलं आणि स्वतः थेट कोर्ट गाठलं. त्यांना पाहताच पंजाबराव चपराशाच्या हातातल्या फायली खाली पडल्या.

"सायेब! तुमी त मेले नं!"

"काय बरळतोस?"

"दगडावर लिवलं हाये जी! 'कैलासवासी कमलाकांत वकील. याच ठिकाणी. एका फटक्यात.' सारे म्हनून राहिले, का गोऱ्यानंच फटका हानला. घरी गेलो, त कुलूप!"

कोर्टाच्या ओसरीवर दुखवट्याला आलेला नत्थुजी बसला होता. कमलाकांत त्याच्यावर धावले. "अरे गाढवा, मी 'रा. रा.' लिहून दिलं होतं!"

"मले वाटलं, तुमची चूक झाली," नत्थुजी हात जोडून म्हणाला. "वीस वर्स झाले दगड कोरून राहिलो, सायेब. जित्या मानसाचं नाव कोनी दगडावर कोरते काय? म्हनून मीच सुधरून टाकलं."

कमलाकांत आणखी काही बोलणार, तोच वकिलांच्या खोलीतून चिंतामणचा रडवेला आवाज आला. "कमलाकांत म्हणजे वऱ्हाडचं रत्न! उलटतपासणी करावी तर त्यानंच. मी त्याच्या पासंगालाही पुरलो नाही..."

"आता आत चाला, सायेब," पंजाबराव म्हणाला.

"चूप! त्याला पुरं बोलू दे."

कमलाकांत दाराआड उभे राहून कान देऊन ऐकत होते. पुढं जज्जसाहेबांनी कोर्टाचं काम दिवसभर बंद ठेवल्याचं जाहीर केलं, तेव्हा कुठं ते घसा खाकरून आत शिरले.

खोलीत एकच हलकल्लोळ उडाला. कोणी ओरडलं, कोणी मिठी मारली. चिंतामण मात्र खुर्चीत मटकन बसले. त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता.

"दिवसभर?" ते पुटपुटले. "आमचे वडील चाळीस वर्षं याच कोर्टात उभे राहिले. ते गेले, तेव्हा पंधरा मिनिटंसुद्धा बंद ठेवलं नव्हतं हो!"

कमलाकांतांनी त्यांच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला. मेल्याचं अगदी सार्थक झालं होतं.