खळ्यातली फोर-बाय-फोर

रायवळ आंब्यांचा दोन मोठे टोप रस पिळून झाला. हात कोपरापर्यंत चिकट झाले होते आणि कंबर कामातून गेली होती. दीपाली कशीबशी उभी राहिली आणि घरापुढच्या खळ्यात आली. गाडी होती तिथंच होती. खळ्याच्या बरोबर मधोमध, दिवसातला जास्तीत जास्त वेळ जिथं ऊन असतं, नेमकी तिथं.

“अहो,” ती म्हणाली, “आज नक्की ना?”

गाडीखालून विनीतचे दोन पाय बाहेर आले होते. गेली तीन वर्षं दीपालीचं नवऱ्याशी बहुतेक बोलणं या दोन पायांशीच होत आलं होतं.

“आज म्हणजे आजच,” पाय म्हणाले. “नारळ आणून ठेवलाय.”

“नारळ मागच्या महिन्यातपण आणलेलात. त्याचं मी वाटण केलं.”

“तेव्हा सील यायचं होतं पुण्याहून. आता काय राहिलं नाय. अन्वर मिस्त्री येतोय, की निघालीच गाडी.”

दीपाली परत रसाकडे वळली. बोलायचं बळ हल्ली ती जपून वापरत असे.

गाडी म्हणजे एकाहत्तर सालची फोर-बाय-फोर पिकअप. मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फ वाहून वाहून तिच्या पत्र्याची चाळण झाली होती आणि मालक तिला भंगारात काढायला निघाला होता. नेमका त्याच दिवशी विनीत बाजारात गेला. गेला बांगडे आणायला आणि आला गाडी घेऊन. बांगडे राहिले तिकडेच. गाडी चालत नव्हती म्हणून टेम्पोला बांधून आणली. “दोन महिन्यांत उभी करतो,” असं त्यानं तेव्हा सांगितलं होतं. मग गिअरबॉक्स पडवीत राहायला आला, सीटा माळ्यावर गेल्या, भाजीच्या पातेल्यात पिस्टन डिझेलमध्ये भिजत पडले. हेडलाइट फुटू नये म्हणून तो देव्हाऱ्याशेजारी ठेवला होता. संध्याकाळी दिवा लावताना गणपतीबरोबर हेडलाइटलाही दीपालीचे हात जोडले जात.

तिचं मागणं एवढंच होतं, की खळं मोकळं करा. ती आंबापोळी करून विकत असे, आणि आंबापोळीला लागतं ते ऊन. खळ्याच्या कडेला फणसाची सावली. मधलं ऊन गाडीनं धरलेलं. मागची दोन वर्षं तिनं ताटं हातात घेऊन उन्हाच्या मागं मागं फिरून काढली. वर कोंबड्या, कावळे आणि शेजारची बकरी हाकायला दिवसभर हातात काठी. एवढं करून अर्ध्या पोळ्यांना बुरा आला. दोन वर्षं गिऱ्हाइकांना सॉरी म्हणून झालं होतं. यंदा ते ऐकून घ्यायला गिऱ्हाईकच उरलं नसतं, आणि एवढ्या वर्षांत उभा केलेला तिचा धंदा बसला असता.

गाडी बाहेर काढायला वाट एकच होती. तिच्या एका बाजूला विनीतच्या घराची भिंत, दुसऱ्या बाजूला महिपतचा गडगा, म्हणजे चिऱ्यांची बुटकी भिंत; तीच पुढं अरुंद खळ्याच्या कडेनं गेलेली. महिपत म्हणजे विनीतचा चुलतभाऊ, वयानं वडील आणि जागेच्या बाबतीत एक चिरा इकडचा तिकडे होऊ न देणारा. गाडी आली त्याच वर्षी गडग्यावरून दोघांचं वाजलं होतं. पंच बसले. महिपत म्हणाला, “ह्याची गाडी भायर जाईल येवढी वाट सोडतो. वर एक बोट नाय.” विनीतही तिरीमिरीत म्हणाला, “मलाही एक बोट जास्त नको.” मग सगळ्यांनी मिळून गाडी वाटेत ढकलत आणली, दोन्ही अंगाला चार-चार बोटं सोडली आणि महिपतनं चिरे लावले. विनीत रत्नागिरीत एका इंजिनिअरकडे घरांचे नकाशे काढायचा. वाटेचा नकाशाही त्यानंच काढला. त्यावर दोघांनी सह्या केल्या आणि बोलणं बंद केलं. बायकांनाही चारचौघांत बंद ठेवावं लागलं. विहिरीवर चालू होतं.

यंदा गाडी उभी राहायच्या बेतात आली, आणि विनीतनं मोबाइलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली. जुनी गाडी नुसती जुन्यासारखी करून त्याचं समाधान होईना. तिचा सांगाडा हातभर उंच केला, खाली रुंद टायर घातले, मडगार्ड बाहेर ओढून घेतले, पुढं दोरानं गाडी ओढून काढायचं विंच बसवलं. “टायर चांगले चार बोटं भायर आले, साहेब,” अन्वर मिस्त्री म्हणाला. “काय रुबाब दिसतोय!” दिवसभर लोकांच्या दारांची आणि वाटांची मापं लिहिणाऱ्या माणसाला आपल्या वाटेला टेप लावायचं काही सुचलं नाही.

नारळ फुटला. हळद-कुंकू बॉनेटवर चढलं. विनीत काळा चष्मा लावून आत बसला, आणि काय सांगावं, गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. दीपालीला खरंच भरून आलं. गाडी डौलात वाटेत शिरली, निम्मी आत गेली, आणि खर्रर्र करून थांबली.

“पुढं घ्या!” मिस्त्री ओरडला.

विनीतनं पुढं घेतली. गाडी आणखी घट्ट बसली.

“मागं घ्या!”

मागं येईना. भिंतींमुळे दोन्हीकडची दारं उघडेनात. विनीत खिडकीतून बाहेर निघाला, पण बाहेर म्हणजे गडग्यावर, आणि गडग्यावरून महिपतच्या अंगणात. महिपत ओट्यावर सुपारी कातरत होता. त्यानं मान वर केली.

“ये. तीन वर्सांनी आलास, तोपण गडग्यावरनं.”

“दादा, चिरा लागतोय गाडीला.”

“चिरा नाय लागत. गाडी लागत्ये. चिरा होता तिथंच हाय.”

तुळसा, महिपतची बायको, आतून पाणी आणि गुळाचा खडा घेऊन आली. दारात आलेल्याला पाणी द्यायचं, मग तो कुठूनही येवो. “आधी पाणी पी,” ती म्हणाली. “तोंड बघ कसं झालंय.”

मिस्त्रीच्या डोक्यात आलं, की विंच आहे ना पुढं, त्यानंच ओढू. पण दोर बांधायचा कशाला? समोर, रस्त्यापलीकडे विजेचा खांब होता. “बांध बांध,” महिपत म्हणाला. “वाडीची लाईट गेली तर सांगू लोकांना, विन्याची गाडी भायर येत्ये.” तो बेत राहिला. मग विनीतला वाटलं, टायरांतली हवा काढली तर गाडी सैल होईल. हवा काढली. टायर दोन्ही बाजूंना फुगले आणि भिंतींना चिकटून बसले. मग दुपारभर पायपंपानं हवा परत भरली. मिस्त्री दमला की विनीत, विनीत दमला की मिस्त्री. शेवटी चिऱ्यांना ग्रीस फासायचं ठरलं. ग्रीस संपलं.

“दीपा, घरात काय चिकट आहे का?”

“मी आहे,” दीपाली म्हणाली. “कोपरापर्यंत.”

पण विनीत तोवर स्वयंपाकघरात जाऊन आला होता. ताटांना लावायला ठेवलेलं साजूक तूप महिपतच्या गडग्याला लागलं, आणि दिवस मावळता मावळता गाडी एकदाची सुटून मागं आली. आली ती थेट खळ्याच्या मधोमध.

रस ठेवला असता तर आंबला असता. दीपालीनं त्यात साखर घातली आणि उभ्यानं दोन्ही टोप आटवत राहिली. डोळ्यांत पाणी आलं ते धुरानं, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण गॅसला धूर नसतो.

दुसऱ्या दिवशी विनीत महिपतकडे गेला, या वेळी रस्त्यानं. गडगा थोडा पाडायला हवा होता. महिपतनं त्याला बसवून घेतलं आणि आजोबांच्या वाटपापासून सुरुवात केली. कोणता फणस कोणाकडे गेला, कोणी कोणाला लग्नात हाक मारली नाही, कोणाची म्हैस कोणाच्या वाफ्यात शिरली, सगळं झालं. विनीतनं मुकाट्यानं सगळं ऐकलं, मधे एकदाही “पण” म्हणाला नाही.

इकडे दीपाली रसाचा टोप कंबरेवर घेऊन खळ्यात उभी होती. ताटं कुठं मांडायची? कडेला सावली, तिथं कोंबड्या फिरतायत. मधे ही. थकून तिनं गाडीला हात टेकला आणि चटकन मागं घेतला. बॉनेट तव्यासारखं तापलं होतं. तिनं बॉनेटकडे पाहिलं. मग टपाकडे, मग मागच्या हौद्याकडे. नवा पत्रा, सपाट, स्वच्छ, चारी बाजूंनी फाळके, आणि एवढा उंच की कोंबडीला उडून यावं लागेल आणि बकरीला शिडी लावावी लागेल.

ती घरातून स्टूल घेऊन आली.

तासाभरानं गडग्यापलीकडून तुळसाचं डोकं वर आलं. “काय गो, गाडीवर?”

“मग काय डोक्यावर वाळत घालू, वहिनी? बघा हात लावून. खालनं पत्रा तापतोय, वरनं ऊन. दोन दिवसांचं काम आज संध्याकाळी होतंय.”

तुळसानं गडग्यावरून हात लांब करून पाहिलं. जराशी थांबली. “टपावर जागा हाय का? माझी फणसपोळी कालपासून ओलीच हाय.”

उन्हं कलायच्या सुमाराला विनीत आला, तो अगदी जग जिंकून. त्याच्या मागं महिपत, खांद्यावर पहार घेऊन. “दादा तयार आहे!” विनीत लांबूनच ओरडला. “हवी तेवढी वाट घे म्हणतोय! फक्त पहिली फेरी हेदवीच्या गणपतीला, आणि पुढच्या सीटवर दादा. मग उद्या मांडवीच्या वाळूत...”

इथं त्याला गाडी दिसली. बॉनेटवर ताटं, टपावर सुपं, हौद्यात पिवळ्याधमक पोळ्यांच्या रांगा. विंचवर एक ओलं फडकं.

“दीपा! अगं, पॉलिश केलंय तिला! तीन हात रंग आहे!”

“म्हणून तर चिकटत नाय,” दीपाली म्हणाली. तिनं ताटातली एक पोळी कडेनं सोडवली. ती अखंड निघाली, पारदर्शक, कुठं भेग नाही, बुरा नाही. दोन वर्षांत अशी पोळी तिच्या हातून झाली नव्हती. तिनं ती उन्हात धरली आणि नुसती बघत राहिली.

“बरं, काढ आता सगळं,” विनीत म्हणाला. “गडगा पाडायचाय.”

“गडगा पाडायचा नाय.”

“काय?”

“वाट झाली की तुम्ही गाडी घेऊन मांडवीला. आणि मी परत काठी घेऊन कोंबड्यांमागं. पाऊस लागेपर्यंत ही इथनं हलायची नाय. तीन वर्षं तुमच्यासाठी खळ्यात ठेवलीत, आता दोन महिने माझ्यासाठी ठेवा.”

विनीतनं आशेनं महिपतकडे पाहिलं. महिपतनं तुळसाकडे पाहिलं. तुळसा गडग्यावर हात टेकून म्हणाली, “गडग्याला हात लावू नका. त्याच्यावर उभी ऱ्हायले की टपावर हात पोचतो माझा.”

महिपतनं पहार खाली टेकवली. “कमाल हाय,” तो म्हणाला. “जन्मात पयल्यांदा आपली जागा द्यायला निघालो, तर घ्यायला कोण नाय!”

दीपालीनं पोळीचे दोन तुकडे केले आणि दोन्ही भावांच्या हातावर ठेवले. दोघांनी गडग्याला टेकून, शेजारी शेजारी उभं राहून आपापला तुकडा खाल्ला.

त्यानंतर गाडी रोज चालू लागली. सकाळी खळ्यात ऊन पश्चिमेच्या अंगाला यायचं तेव्हा विनीत तिला तिकडे न्यायचा, दुपारी मधे, दिवस कलताना पूर्वेला. चारही चाकं जोर लावून फिरायची आणि गाडी मुंगीच्या पावलानं सरकायची, कारण धक्का बसला तर रस सांडायचा. विनीत काळा चष्मा मात्र लावायचाच. महिपत पुढच्या सीटवर येऊन बसायचा. हेदवी होईल तेव्हा होईल, सीट तर धरून ठेवलेली बरी, असं त्याचं म्हणणं.

एकदा जुन्या गाड्यांच्या शौकिनांपैकी एक तरुण मुद्दाम गाडी बघायला आला. भोवती फिरला, वाकून खालचं काम पाहिलं, विंचवरून हात फिरवला. “काय काम केलंय, काका!” तो म्हणाला. विनीतची छाती फुगली. कोणी तरी विचारावं म्हणून तो कधीचा थांबला होता.

“ॲव्हरेज किती देते?” तरुणानं विचारलं.

विनीतनं सांगायला तोंड उघडलं, पण त्याआधी स्टुलावरून दीपाली म्हणाली, “ऊन कडक असलं तर दिवसाला चाळीस पोळ्या.”

“आणि फणसाच्या धरून पन्नास,” गडग्यापलीकडून तुळसा म्हणाली.

फणसाची सावली बॉनेटच्या कडेला आली होती. विनीत निमूट आत चढला, महिपतला म्हणाला, “दादा, धरून बस,” आणि त्यानं गाडी पहिल्या गिअरात टाकली.