बहिरोपंत तात्पर्यनवीस यांचा पराभव

श्री वाग्देवता समर्थ. शके सोळाशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सरे, ते साली बहिरोपंत तात्पर्यनवीस यांजवर मोठा प्रसंग गुदरला, त्याचा मजकूर ऐसा जे: या राज्यात शिरस्ता होता की दरबारी कथा जाहली म्हणजे पंतांनी उठोन तिचे तात्पर्य सांगावे, आणि मग लोकांनी माना डोलवाव्या. पंतांची बुद्धी अचाट, आणि उसंत तिजला घरीही नसे. जेवता जेवता पुत्र त्रिंबक यास घासागणिक बोध करीत, आणि मग पुत्र एके दिवशी भरल्या पानावरून उठोन परमुलखी छावणीत कारकून होऊन राहिला, त्यास सहा वर्षे जाहली. पंतांनी त्याचेही तात्पर्य काढिले की, कलियुग.

ते दिवशी राणोजी नामे वृद्ध शिलेदार कथा सांगते जाहले. एक शिपाई मोहिमेवर गेला, आणि त्याची बायको त्याच्या घरी राहिलेल्या वहाणांस नित्य तेल लावून उन्हात ठेवी, आणि मग बारा वर्षे गेली, शिपाई आला नाही, वहाणा नव्याच राहिल्या. राज्याचा कारभार पाहणाऱ्या मातोश्रींनी डोळ्यांस पदर लाविला. मग पंत खाकरोन वदले, "तात्पर्य, तेल आणि ऊन मिळाल्यास चामडे बारा वर्षे टिकते."

मातोश्री संतापल्या. "पंत, यातून काय शिकावे हे कोणी पुसले? कथा कशाविषयी आहे ते सांगा. तीन दिवसांत न सांगाल तर पगडी ठेवून जा."

पंतांनी दोन दिवस पोथ्या उपसल्या, आणि बुद्धी 'मोहिमेवर वहाणा घालोन जावे' येथवर धावली. तिसरे दिवशी भोजनास बसले, तो कुटुंब सगुणाबाईंनी नित्याप्रमाणे त्रिंबकाचे पान मांडिले आणि मीठ, लिंबू वाढिले. त्यावर 'अन्नाची नासाडी' हे तात्पर्य पंत सहा वर्षे सांगत आले होते. आज प्रथमच पुसले, "अगं, हे पान रोज कशाला मांडतेस?"

"तो आलाच, तर आपलं पान उचललं असं त्याला वाटू नये."

पंतांनी हातचा घास पानात ठेविला, आणि मग पंत मोठ्याने रडले.

दरबारी जाऊन म्हणाले, "मातोश्री, ही कथा वाट पाहण्याची आहे. पाहावी की न पाहावी, हे ती सांगत नाही. पाहणारे माणूस कसे असते, एवढेच दाखविते. तात्पर्य निघत नाही."

"आज तुम्ही कथा ऐकलीत, पंत," मातोश्री म्हणाल्या, आणि मग तात्पर्यच निघत नाही तर नवीस कशास, म्हणोन हुद्दा मोडिला. बरोबर उत्तर देऊन पगडी घालविणारा पुरुष या राज्यात हा पहिलाच.

पंतांनी पुत्रास पूर्वी सतरा पत्रे लिहिली होती, सगळी बोधाने ओथंबलेली, आणि उत्तर एकाचेही नाही. या खेपेस एकच ओळ लिहिली: "तुझी आई रोज तुझे पान मांडते, आणि मी समोर बसतो." उत्तर अद्याप नाही. पंत रोज वेशीपर्यंत जाऊन येतात.

येणेप्रमाणे वृत्तांत. लिहिणार तेच बहिरोपंत. शेवटी तात्पर्य लिहावयास हात फार शिवशिवला, परंतु कुटुंबाने दौत उचलून नेली, सबब बखर येथेच समाप्त.