बारा चुकांचा झगा

सोमवारी सकाळी पावणेनऊ वाजता शिपाईमामांनी रफू मंडळाच्या खोलीत डोकं घातलं आणि विचारलं, "पोरींनो, एक निळा झगा दिसला का कुठे? लहान मुलीचा. बारीक पानांची नक्षी आहे त्याच्यावर."

मंडळाच्या पाचही सभासद खोलीत हजर होत्या. शिवण शाळेत प्रत्येकीनं कुठल्या ना कुठल्या मंडळात नाव घातलंच पाहिजे, असा नियम होता. उंच मुली फॅशन मंडळात गेल्या, शांत डोक्याच्या भरतकाम मंडळात गेल्या आणि उरलेल्या पाच जणींना एका खोलीत बसवून त्यांचं रफू मंडळ झालं. आसपासच्या लोकांचे फाटके-विटके कपडे फुकट नीट करून द्यायचे, हे मंडळाचं काम. उत्साह दांडगा. मागच्या महिन्यात एका मुलाची फॅशन म्हणून मुद्दाम फाडलेली जीन्स मंडळानं दोन्ही गुडघ्यांवर इतकी बेमालूम शिवून दिली, की तो मुलगा आईला घेऊन मोठ्या बाईंकडे भांडायला आला होता. "आणखी एक तक्रार आली तर खोलीला कुलूप," असं बाईंनी त्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

मामांचा प्रश्न ऐकून कोपऱ्यातली उसवी आनंदानं उठली.

उसवी हे नाव काही तिच्या आईनं ठेवलेलं नव्हतं. ती एक टीप मारायची आणि तीन उसवायची, म्हणून वर्गानं ते दिलं होतं. दोन चाचण्यांत ती नापास झाली होती आणि आता तिसरीतही झाली, तर बाई तिचं नाव पटावरून कमी करणार होत्या. मग काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं, हे घरी ठरून गेलेलं होतं. उसवीला झेरॉक्सचा राग नव्हता, पण तिला कपडे शिवायचे होते. एवढी एकच गोष्ट तिला लहानपणापासून हवी होती आणि नेमकी तीच येत नव्हती.

"सापडलाय ना, मामा," ती म्हणाली आणि 'झालेले कपडे' असं लिहिलेलं कपाट उघडून तिनं झगा काढला. "शनिवारी रफूच्या टोपलीशेजारी टेबलावर पडला होता. सगळ्या घरी गेल्या होत्या, मग मीच घेतला करायला. काय अवस्था होती हो त्याची. बाह्यांची अदलाबदल, कॉलरचं एक टोक लांब, काज एकीकडे आणि बटण भलतीकडे. सगळं उसवलं आणि पहिल्यापासून शिवलं. इस्त्रीसुद्धा केली."

मामा स्टुलावर बसले. त्यांनी झग्याकडे पाहिलं, मग उसवीकडे पाहिलं, आणि पुन्हा झग्याकडे पाहिलं.

"छान झालाय गं," ते खोल आवाजात म्हणाले. "पण हा चुकांचा झगा आहे."

चुकांच्या झग्याबद्दल प्रत्येकीनं आधीच्या बॅचच्या मुलींकडून ऐकलेलं होतं, पाहिलेला मात्र कोणीच नव्हता. तीस वर्षं तो बाईंच्या कपाटात मलमलच्या पिशवीत असायचा. वर्षातून एकदा, तिसऱ्या चाचणीला, तो बाहेर काढून पुतळ्यावर चढवायचा आणि मुलींनी अर्ध्या तासात त्यातल्या बारा चुका शोधून कागदावर लिहायच्या. तिसरी चाचणी आज अकरा वाजता होती. मामांनी तो शनिवारी इस्त्रीसाठी काढून याच खोलीतल्या टेबलावर ठेवला, तेवढ्यात टाकीचं पाणी वाहतंय म्हणून कोणीतरी हाक मारली, आणि टाकीच्या नादात झगा त्यांच्या डोक्यातून पार गेला.

"आता एकही चूक नाही त्यात?" मामांनी आशेनं विचारलं.

"एक आहे," उसवी पडेल आवाजात म्हणाली. "पण ती शिवणाची नाही, त्यामुळे मला काढताच आली नाही."

टेप पुढे झाली. टेप म्हणजे मंडळाची अध्यक्ष आणि वर्गातली पहिली. मोजायची टेप गळ्यात घालूनच ती शाळेत यायची आणि गळ्यात घालूनच घरी जायची, म्हणून ते नाव. तिनं झगा उलटा करून आतली शिवण पाहिली आणि तिच्या भुवया वर गेल्या. उसवीचं इतकं चांगलं काम तिनं आजवर पाहिलेलं नव्हतं. पण कौतुकाची ही वेळ नव्हती.

"मंडळाला कुलूप, मामांना मेमो आणि उसवीचं नाव कमी," ती बोटं मोजत म्हणाली. "आपल्याकडे दोन तास आहेत. चुका परत घालायच्या. उसवी, तुला आठवतात ना सगळ्या?"

"एकूण एक. माझ्याच हातानं उसवल्यात."

"मग बस मशीनवर. चुका करण्यात तुझा हात कोण धरणार?"

उसवी बसली. उजव्या बाहीच्या जागी डावी लावायची होती. एरवी हे तिला न सांगता जमायचं. पण आज ती इतक्या जपून शिवत होती, की दोरा कापून पाहते तर बाही जिथल्या तिथे, एकही चुणी नसलेली. तिनं ती उसवली, पुन्हा लावली, ती पुन्हा बरोबर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "वर्षभर सरळ येत नव्हतं, आणि आज वाकडं येईना," ती म्हणाली.

"सरक, मी करते," म्हणत टेप मशीनवर बसली. तिला झग्याचा खालचा घेर वाकडा दुमडायचा होता. पण लहानपणापासून सरळ टीप मारणारे हात ते. तिनं डोळे मिटून मशीन चालवलं, तरी टीप सरळच आली. बाकीच्या तिघींनी कॉलर घेतली, तर तिची दोन्ही टोकं कशी कोण जाणे सारखीच निघाली. साडेनऊ वाजून गेले आणि झगा अजून निर्दोष होता. मामा दारात पहारा करत दर पाच मिनिटांनी विचारत होते, "बिघडला का गं?"

शेवटी टेपला एक युक्ती सुचली. तिनं खडू घेतला, कापडावर नीट मापं घेऊन एक वाकडी रेघ आखली आणि त्या रेघेवरून टीप मारली. झक्क वाकडी आली. मग सगळ्यांनीच खडू उचलले. उसवी एकेक चूक सांगत गेली आणि चौघीजणी ती आखून घेऊन शिवत गेल्या. तेवढ्यात कोणाच्या तरी लक्षात आलं, की जुना दोरा पिवळट होता आणि हा तर पांढराशुभ्र दिसतोय. मामांनी स्वतःचा चहा पुढे केला. टेपनं दोऱ्याची रिळं त्यात बुडवली आणि इस्त्रीनं वाळवली. पावणेअकराला बाराच्या बारा चुका जागच्या जागी होत्या. मामांनी झगा पिशवीत घातला आणि चहाशिवायच ते बाईंच्या खोलीकडे गेले.

अकरा वाजता मोठ्या बाईंनी झगा पुतळ्यावर चढवला. त्यांचं एरवीचं बोलणं चार शब्दांत असायचं आणि एखादं शिवण आवडलं नाही की त्या चष्मा काढायच्या, इतकीच त्यांची लोकांना भीती. "अर्धा तास. लिहा," त्या म्हणाल्या. एकोणीस माना खाली गेल्या. उसवीनं कागदावर नाव लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. तिला सगळी उत्तरं येत होती, पण ती अशी लिहायची तिला लाज वाटत होती. नापास तर नापास, पण हे नको, असं तिचं मनाशी ठरलं.

बाई पुतळ्याभोवती फिरत होत्या. फिरता फिरता थांबल्या. त्यांनी झग्याचा घेर उचलला, नाकाजवळ नेला आणि चष्मा काढला.

"या झग्याला चहाचा वास येतोय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी घेर उजेडात धरला. "आणि ही खडूची रेघ. तीस वर्षं शिकवतेय, पण वाकडी टीप आखून मारणारी मुलगी मला अजून भेटायची होती. कोण आहे ती?"

टेप उठायला लागली, पण त्याआधी उसवी उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं: टेबल, टोपली, शनिवार, खडू. मामांच्या टाकीचा भाग तेवढा तिनं गाळला. "माझी एकटीची चूक आहे, बाई. मंडळ बंद करू नका. माझा कागद कोराच आहे, तो तसाच घ्या."

"शनिवारी शिवून झाल्यावर झगा कसा दिसत होता?" बाईंनी विचारलं.

हा प्रश्न उसवीला अपेक्षित नव्हता. आयुष्यातला पहिला अख्खा कपडा म्हणून आईला दाखवायला तिनं त्याचा फोटो काढला होता. तिनं मोबाइल पुढे केला. बाईंनी चष्मा पुन्हा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि त्या बाहीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"मदत कोणाची होती?"

"कोणाचीच नाही. सगळ्या घरी गेल्या होत्या."

"मग चाचणीत काय होतं तुला?"

"चाचणीत तुम्ही मागे उभ्या असता, बाई."

वर्गात कोणीतरी खोकलं. बाईंनी टेबलाच्या खणातून एक पिवळी पडलेली यादी काढली. "किती चुका उसवल्यास?"

"बारा. पण होत्या तेरा."

"यादीत बाराच आहेत."

"मागचा डावा तुकडा बघा ना. सगळी पानं वर तोंड करून आहेत, तिथली खाली बघतात. तो कापतानाच उलटा धरलाय. कापलेल्याला मी काय करणार, म्हणून राहू दिला."

बाई झग्यामागे गेल्या. पुतळ्याआडून त्यांचा आवाज आला, आणि तो नेहमीचा नव्हता. "माझ्या परीक्षकांनाही दिसलं नव्हतं हे."

मुलींना काही कळेना. बाई बाहेर आल्या आणि खुर्चीवर बसल्या. "तुम्हाला काय वाटलं, मी तो मुद्दाम बिघडवलाय? इतकं मन लावून मुद्दाम कोणी चुका करतं का? हा माझा परीक्षेचा झगा आहे. यातच मी नापास झाले. ही यादीही तेव्हाचीच, माझ्या परीक्षकांच्या हातची." त्यांनी फोटो पुन्हा पाहिला. "असाच शिवायचा होता मला तो."

उसवीला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. बाईंनी तिचा कोरा कागद ओढून घेतला, त्यावर 'बारापैकी तेरा' असं लिहिलं आणि खाली सही केली. मंडळाच्या उरलेल्या चौघींची चाचणी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कपड्यावर घ्यायची ठरली. मंडळाच्या खोलीला कुलूप लागलं नाही.

"आता हा झगा परीक्षेला चालायचा नाही, याचं गुपित फुटलं," जाता जाता बाई उसवीला म्हणाल्या. "दुसऱ्या चाचणीतला तुझा तो सदरा अजून आहे?"

"आहे. घरी उसवायला घेतलाय."

"किती झालाय उसवून?"

"एक बाही."

"थांब तिथेच. ती बाही होती तशी लाव आणि उद्या घेऊन ये. पुढच्या वर्षीपासून मुली तुझ्या चुका शोधतील. बाकी एक टाकाही उसवायचा नाही."

एक टाकाही उसवायचा नाही, असं उसवीला आजवर कोणीच सांगितलेलं नव्हतं. वाटेत तिनं ते वाक्य दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. घरी पोचल्यावर आईला बातमी सांगितली, काकांना फोन करून दुकानाचं नक्की नाही म्हणून कळवलं आणि ती सदरा घेऊन मशीनवर बसली.

बाही लावली, ती बरोबर बसली. उसवून पुन्हा लावली, तरी बरोबर. चौथ्या खेपेला आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "काय गं, जमत नाहीये का?"

"नाही ना," उसवी म्हणाली, आणि तिनं खडू घेऊन वाकडी रेघ आखायला सुरुवात केली.