पदरावरचं रान

मनुबाईला (म्हणजे आमच्या मंडळींना) हसवायचं, एवढंच मी ठरवलं आणि तिथंच सगळं बिघडलं.

तिचं माहेर खानापूरकडचं. सरकारला लढाईसाठी लाकूड पाहिजे म्हणून कंत्राटदारानं तिथलं देवाचं रान आडवं केलं. ज्या झाडांखाली ती लहानाची मोठी झाली, त्यातलं एक उरलं नाही. ते कळल्यापासून बाई गप्प. मला बोलणीसुद्धा बसेनात. (तेव्हाच मी घाबरलो.)

मी वडगावचा विणकर. माझ्या मागावरच्या मोराला बघून खरा मोर लाजून पळाला होता, असं मीच लोकांना सांगतो. म्हटलं, तिचं रान साडीच्या पदरावर उभं करू! खाणंपिणं विसरून एकेक रंगीत धागा बोटांनी भरला. आधी मूळ, मग खोड, मग शेंडा. झाड वाढतं तसं, शेंडे पदराच्या टोकाकडं.

ती साडी नेसून मनुबाई माहेरी निघाली. मी मागं, छाती फुगवून. तिनं पदर खांद्यावरून पाठीवर सोडला आणि माझी छाती जागीच बसली. सगळं रान उलटं! मुळं वर, शेंडे जमिनीकडं. जन्मभर काठाच्या वेली विणल्या, त्यांना कुठलं आलंय वरखाली?

शेजारच्या मालुबाई माझ्या कानाशी कुजबुजल्या, "आवं, झाडं लोंबत्यात की!"

"झाडं न्हाईत ती," मी म्हटलं, "वटवाघळं हाईत."

माहेरी दारातच सासरे भेटले, नागोजीमामा. पाया पडायला वाकलेल्या लेकीची पाठ बघून म्हातारा मटकन खाली बसला.

"पावणं, तोडताना तुमी तितं हुतासा व्हय? अश्शीच पडली बगा. डोकं खाली करून."

मनुबाईनं पदर पुढं ओढून पहिल्यांदाच नीट पाहिला आणि इतके दिवस कोंडलेलं रडू एकदम फुटलं. मागोमाग सगळं घर रडलं. हसवायला निघालेला मी मयताला आल्यागत कोपऱ्यात बसलो.

मग म्हाताऱ्यानं पदराचं टोक धरून वर उचललं. रान उभं राहिलं.

"ह्यो हिरडा. ही जांभळ. व्हय न्हवं गं?"

"व्हय आप्पा. आनि ह्यो आपला फणस." तिचा आवाज ऐकून मीच डोळे पुसले.

फणसाखाली म्हाताऱ्याचं बोट थांबलं. "पावण्यांनी खुंट बी इणलाय की! बुटका, मधी फुगलेला. लई हुबेहूब."

फणसाखाली मी हौसेनं मलाच विणून उभं केलं होतं.

मनुबाईनं वाकून पाहिलं, ओल्या डोळ्यांनी खुदकन हसली आणि म्हणाली, "तितला न्हवं आप्पा, आमच्या घरातला खुंट हाय त्यो."