पेंडसेकाकांच्या दोन सीट

पेंडसेकाका भाजी घेताना एक प्रश्न हमखास विचारतात. मेथी, टोमॅटो, दुधी असं सगळं पिशवीत भरून झालं की भाजीवाली सवयीनं वर चार काड्या कढीपत्ता टाकते. काका हात आडवा धरतात आणि विचारतात, "हा फुकट आहे की मोफत?"

भाजीवाली नवीन असली तर ती काकांकडे बघते, मग माझ्याकडे बघते. मी पिशवीकडे बघते. जुनी असली तर म्हणते, "मोफत आहे काका, घ्या आणि निघा." मग काका घेतात.

यातला फरक त्यांनी मला कामाच्या पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितला होता. फुकट म्हणजे ज्याची किंमत कुणीच दिली नाही. मोफत म्हणजे ज्याची किंमत आपल्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी दिली. "फुकट दिसलं की आधी आजूबाजूला बघावं सुनंदाबाई, कुणाचं तरी हरवलेलं असतं. आणि मोफत घेताना देणाऱ्याचं तोंड बघून घ्यावं." मी मान हलवली आणि कणीक भिजवायला लागले.

कर्वेनगरला त्यांच्या घरी मी स्वयंपाक करते. काका एकटेच राहतात. खराडीच्या एका ऑफिसात त्यांनी जन्मभर प्रोग्रॅम लिहिले आणि मग रिटायर झाले, असं लोक म्हणतात. काकांना ते मान्य नाही. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालतात, खिशाला पेन लावतात, मला सांगतात, "ऑफिसला निघतो," आणि बेडरूममधून हॉलमध्ये येतात. हॉल म्हणजे ऑफिस. स्वयंपाकघर म्हणजे कँटीन. दुपारी ताट घेऊन दारात उभे राहतात आणि विचारतात, "कँटीन उघडलं का?" रविवारी ऑफिस बंद. त्या दिवशी पाहुणा आला तरी त्याला बेडरूममध्ये पलंगावर बसवतात, हॉलमध्ये येऊ देत नाहीत.

या ऑफिसात आणखी एक माणूस कामाला होता. रशीद तांबोळी. काकांचा खराडीचा सोबती, त्यांच्याबरोबरच रिटायर झालेला. राहायला नारायण पेठेत. घरचं पुस्तकं बांधायचं दुकान आहे, ते आता पुतण्या बघतो. तांबोळीकाका रोज बसनं यायचे आणि काकांच्या शेजारच्या खुर्चीत बसायचे. त्या खुर्चीचा डावा हात हलतो. बस उशिरा आली की काका घड्याळाकडे बघून म्हणायचे, "लेट मार्क." तांबोळीकाका म्हणायचे, "पगारातून काप." पगार कुणालाच नव्हता.

तांबोळीकाकांचं आवडतं वाक्य एकच. फुकट ते पौष्टिक. दुकानात कॅलेंडर वाटत असले तर दोन आणायचे. बँकेतलं पेन घरी आणायचे नाहीत, पण बँकेतल्या थंडगार हवेत बसून पेपर वाचून यायचे. काकांचं वाक्य त्याच्या नेमकं उलटं होतं. विकत ते हक्काचं. दिवसभर ही दोन वाक्यं हॉलमध्ये एकमेकांवर आपटायची आणि मला आत पोळ्या लाटायला ठेका मिळायचा.

दोघं मिळून एक प्रोग्रॅम करत होते. त्याचं नाव 'पाणी आलं'. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. खाली वॉचमननं मोबाइलवर बटण दाबलं की सोसायटीत सगळ्यांच्या फोनवर घंटा वाजायची आणि बाईचा आवाज यायचा, पाणी आलं. आवाज माझाच आहे. तांबोळीकाकांनी म्हणायला लावला. मी इतकी लाजले की तो आवाज पाणी गेल्यासारखा आलाय, असं काका म्हणतात. सुरुवातीला घंटा पाणी येऊन गेल्यावर वाजायची. सोसायटीतले लोक म्हणायचे, नाव बदला, 'पाणी आलं होतं' ठेवा.

आता प्रोग्रॅम लिहायलाही एक प्रोग्रॅम लागतो, हे मला त्या घरात कळलं. पोळी लाटायला पोळपाट लागतो तसं. आणि तो दोन तऱ्हेचा मिळतो. एक पैसे न देता मिळतो, एक विकत. तांबोळीकाकांनी पहिला घेतला होता. त्याला एकच अट होती. शिकण्यासाठी वापरा, हौसेसाठी वापरा, कमाईसाठी वापरू नका. तांबोळीकाकांचं म्हणणं, लोकांनी लोकांसाठी केलेली वस्तू आहे, ती न घेणं म्हणजे त्यांचा अपमान. काकांचं म्हणणं, आज हौस आहे, उद्या काय होईल सांगता येत नाही, विकतचा घेऊन मोकळं व्हावं.

एक दिवस काका स्वयंपाकघरात आले आणि मलाच विचारलं. समजा, कुणी तुम्हाला एक लाटणं दिलं. फक्त घरच्या पोळ्या लाटायच्या, या अटीवर. ते तुम्ही इथं कामाला आणाल का? मी नाही म्हटलं. काका विजयी होऊन बाहेर गेले. मागोमाग तांबोळीकाका आत आले आणि हळूच म्हणाले, "सुनंदाबाई, पोळी कुणाची आहे हे लाटण्याला कळतं का?" मी त्यालाही नाही म्हटलं. ते विजयी होऊन बाहेर गेले.

असं चाललं होतं तोवर बरं होतं. मग बर्फी आली.

एका सकाळी पहिल्यांदाच घंटा वेळेवर वाजली. आख्ख्या सोसायटीनं पाणी भरलं. सेक्रेटरीबाई खूश होऊन आंबा बर्फीचा बॉक्स घेऊन वर आल्या. तो त्यांनी काकांच्या हातात दिला आणि गेल्या. तांबोळीकाका तेव्हा अजून यायचे होते. आले, बॉक्स बघितला, उघडला आणि खायला लागले. उरलेली बर्फी त्यांनी नातींसाठी म्हणून पिशवीत टाकली.

काकांनी सबंध वेळ त्यांच्याकडे टक लावून बघितलं आणि मग सांगितलं की कमाई झाली.

तांबोळीकाकांना आधी कळेचना. काकांनी समजावून सांगितलं. सोसायटीनं कामाबद्दल बर्फी दिली, आपण ती घेतली, म्हणजे मोबदला घेतला. मोबदला म्हणजे कमाई. अट मोडली. आता बर्फी परत करायची नाहीतर विकतचा पोळपाट घ्यायचा. तांबोळीकाका हसले. म्हणाले, पोटातली कशी परत करू? काका हसले नाहीत. त्यांना राग आला की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. त्या उतरलेल्या आवाजात ते म्हणाले, "रशीद, तू आपल्याला चोर केलंस."

मी गॅस बारीक केला.

तांबोळीकाका उठले. त्यांचं चष्म्याचं घर कायम काकांच्या टेबलावर असायचं, रात्रीसुद्धा. ते त्यांनी उचललं, पिशवीतली बर्फी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "माझा बाप बांधणीतून उरलेला कागदसुद्धा गिऱ्हाइकाला परत द्यायचा. चोर म्हणायला माणूस चुकलास तू, पेंडसे." इतकी वर्षं ते काकांना श्रीधर म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत.

काकांनी 'पाणी आलं' बंद करून टाकलं. लोक विचारायला आले, तर म्हणाले, अटीचा भंग झालाय, चौकशी चालू आहे. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, अहो, तुमची चौकशी करतंय कोण? काका म्हणाले, "मीच." बाई म्हणाल्या, एक बर्फी दिली तर एवढं, पेढे दिले असते तर फाशीच घेतली असती. काका बधले नाहीत. एक वेळ पाणी जाईल, पण अट मोडून घंटा वाजणार नाही, असं त्यांनी बाईंना तोंडावर सांगितलं.

डाव्या हाताची हलती खुर्ची त्यांनी गॅलरीत नेऊन ठेवली आणि तिच्यावर रद्दी रचली. पण चहा सांगताना रोज चुकायचे. ऑफिसातून हाक यायची, "दोन चहा." मग थोड्या वेळानं, "एक."

मग एक दिवस त्यांनी विकतचा पोळपाट घ्यायचं ठरवलं. ज्या कंपनीचा तो होता तिथल्या मुलाला फोन लावला. मी आतून ऐकत होते. काकांनी त्या मुलाची अशी झडती घेतली की मुलगी बघायला आल्यासारखं वाटलं. तुमच्या विकतच्यात असं काय आहे, जे बिनपैशाच्यात नाही? आणि नसेल तर विकता कशाला? आणि असेल तर बिनपैशाच्यातून काढलं कशाला? शेवटी त्या मुलानं, एकट्यासाठी वेगळा आणि मंडळींसाठी वेगळा, असं काहीतरी सांगितलं असावं. काकांनी ते परत सांगायला लावलं. मग म्हणाले, "एकट्यासाठी नको. दोन सीट द्या."

खोलीतून निघताना पंखा बंद केलाय ना, हे बघायला परत येणारा हा माणूस. त्यानं दोन मागितल्या.

मला वाटलं, खुर्च्या. आता दुसरी खुर्ची घरात असताना नवीन कशाला? काका संध्याकाळी फिरायला गेले तेव्हा मी गॅलरीतली रद्दी उतरवली, खुर्ची ओल्या फडक्यानं पुसली आणि टेबलापाशी होती तिथं आणून ठेवली.

काका आले आणि दारातच थबकले. ही कुणी आणली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच फोनवर दोन सीट म्हणालात ना.

माझी आता चांगलीच फिरकी घेतील, असं वाटलं. पण ते खुर्चीजवळ गेले आणि तिचा हात हलवून बघितला. सीट म्हणजे खुर्ची नव्हे, त्यांनी सावकाश सांगितलं. सीट म्हणजे एका माणसाचा त्यात बसून काम करायचा हक्क.

"म्हणजे बसायचंच ना?" मी विचारलं.

"हो," ते म्हणाले. "बसायचंच." खुर्ची त्यांनी तिथंच राहू दिली.

तांबोळीकाकांना कंपनीकडून मेल गेली होती. ती उघडायची, होय म्हणायचं, की दुसरी सीट त्यांची झाली. काका रोज ऑफिसला आले की आधी तेच बघायचे. मी चहा ठेवायला गेले की माझ्याकडे न बघता म्हणायचे, "उत्तर नाही." तुम्ही फोन का करत नाही, हे माझ्या ओठांवर यायचं आणि तिथंच राहायचं. मला चार माणसांत बोलायचं म्हटलं की घास अडकल्यासारखं होतं. एका माणसातही होतं.

पण एका दुपारी काकांनी दोन चहा सांगितले आणि नंतर एक म्हणायचं विसरले. मी दोन कप नेऊन ठेवले. दुसऱ्यावर साय धरली. तो कप धुताना मी ठरवलं, आता जायचं.

दुकान मला माहीत होतं. माझ्या मुलीची पुस्तकं तिथं बांधली होती. तांबोळीकाका स्टुलावर बसून वहीच्या पाठीला खळ लावत होते. मला बघून म्हणाले, कुणी पाठवलं? मी म्हटलं, कुणी नाही. मी सगळा धीर गोळा करून विचारलं, तुम्हाला मेल आली होती का?

आली होती, ते म्हणाले. विकतच्या पोळपाटाची जाहिरात. पेंडसे अजून टोमणे मारतोय. न उघडता पुसून टाकली.

"जाहिरात नाही, काका. तुमची सीट आहे," मी म्हटलं. "मी खुर्ची पुसून ठेवलीय."

"कुठली खुर्ची?"

"डावा हात हलतो ती."

त्यांनी ब्रश खळीत ठेवला, परत उचलला. "बरं," म्हणाले. बस, इतकंच. मी घरी येईपर्यंत आपण काय करून बसलो म्हणून घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. तांबोळीकाका सरळ आत आले आणि खुर्चीत बसले. काकांनी घड्याळाकडे बघितलं.

"लेट मार्क," काका म्हणाले.

तांबोळीकाका खुर्चीचा हात नुसता खालीवर हलवत राहिले. पगारातून काप म्हणाले नाहीत, तेव्हा मला आतून कळलं की तो 'चोर' शब्द अजून मध्ये पडलेला आहे. काकांनाही कळलं असावं. ते कॉम्प्युटरकडे तोंड करून, उतरलेल्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी तू यायच्या आधी एक मीही खाल्ली होती."

"काय?"

"बर्फी. बॉक्स उघडून, एक खाऊन, परत बंद करून ठेवला होता."

तांबोळीकाका त्यांच्याकडे बघत राहिले. "म्हणजे चोर दोघं?"

"म्हणून तर दोन सीट घेतल्या."

तांबोळीकाका इतके हसले की खुर्चीचा हात निघून खाली पडला. काका हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, मग रुमाल डोळ्यांवरून फिरवला आणि स्वयंपाकघराकडे बघून हाक दिली, "दोन चहा." मी जरा वेळ थांबले. पुढची हाक आली नाही.

दिवसभर दोघं भांडत होते. संध्याकाळी निघताना तांबोळीकाकांनी चपला घालता घालता विचारलं, श्रीधर, माझ्या सीटचे किती झाले?

"मोफत आहे," काका म्हणाले. मान वर केली नाही.

तांबोळीकाका फुकट ते पौष्टिक म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. ते परत आत आले आणि काकांच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. मग गेले.

ऑफिस झाडताना मला टेबलावर चष्म्याचं घर दिसलं. मी ते पुसलं आणि तिथंच ठेवलं.