एक जागा रिकामी आहे

“साहेब, आमच्या शाळेसमोर गतिरोधक हवा असेल तर किती माणसं मरावी लागतात?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून नववीतल्या शंकासुराने (हे तिचं हजेरीपटावरचं नाव नव्हे, पण ते आता बाईंनाही आठवत नाही) सुरक्षा सप्ताहाच्या सभेत उभं राहून विचारलं. मुख्याध्यापिकांनी डोळे मिटून घेतले. रस्ते खात्याचे साहेब मात्र खुलले. सतरा वर्षांच्या नोकरीत त्यांना नियमाबद्दल आपणहून कुणी काही विचारलंच नव्हतं.

“तीन,” ते म्हणाले. “एका वर्षात. शंभर मीटरच्या आत.”

माणसाचा जीव अनमोल असल्यामुळे त्याची मोजणी काटेकोरपणे करावी लागते, हे त्यांनी प्रेमाने समजावलं. शाळेची प्रगती समाधानकारक होती. वह्यांच्या दुकानाचे मालक, एक. दूधवाला, दोन. शिपाईमामांचा पाय मोडला होता, पण तो ‘किरकोळ’च्या रकान्यात गेला. (मामांचं पायाबद्दल वेगळं मत आहे. मतांसाठी रकाना नाही.) एक सायकलवाला चांगला जमून आला होता, पण तो पडला एकशेचार मीटरवर. थोडक्यात हुकला. तेव्हा एक जागा अजून रिकामी होती. (अशी यादी प्रत्येक रस्त्याची असते, वाचकांच्या घरासमोरच्याही. ती कुठवर भरलीय, हे विचारायची पैज त्यांच्याशी कुणी लावलेली नसावी.)

शंकासूर पैज जिंकून ऐटीत खाली बसली. आठवडाभर तिचं दप्तर आता मैत्रिणी वाहणार होत्या.

समाज अगदीच झोपलेला आहे, असंही नाही. मागे उड्यांच्या दोरीत अडकून पहिलीतल्या एकीचा दात पडला (दुधाचा होता, आज ना उद्या पडणारच होता), तेव्हा पालकसभेने दोन दिवसांत शाळेतल्या सगळ्या दोऱ्या जप्त करवल्या. ठराव शंकासुराच्या बाबांचा. सभेला उशीर नको म्हणून ते लेकीला स्कूटरवर मागे बसवून शाळेसमोरच्या याच रस्त्याने साठच्या वेगाने आले होते. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये, हेल्मेट कोपरात. (या घराण्यात कोपराला आजवर खरचटलेलंही नाही.)

पैज जिंकली त्या संध्याकाळी शंकासुराने तळ्यावरच्या सहलीचा कागद सहीसाठी पुढे केला. आईने तो वाचून बाबांकडे सरकवला, बाबांनी घडी घालून ठेवून दिला.

“पाण्याचा भरवसा नसतो, बाळा. तुझ्या जिवापेक्षा मोठं काय आहे आम्हाला?” असं म्हणत त्यांनी स्कूटरची किल्ली उचलली. “चल, क्लासला उशीर झालाय. शाळेसमोरून पंधरा मिनिटांचा रस्ता, पाचात पोचवतो.”

शंकासूर जागची हलली नाही.

“आई, बाबा, एक सांगायचंय. शाळेसमोरच्या त्या तिसऱ्या जागेसाठी अर्ज वगैरे करावा लागत नाही. तिथून जाणारा प्रत्येक जण आपोआप उमेदवार असतो. तुम्ही दोघं, शेजारचे, सगळेच. मी माझं नाव मागे घेतेय. आजपासून मागच्या गल्लीने, चालत.”